रिबनची बदली

सरकारी कचेरीत वस्तूंचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गात टेबल, खुर्ची, कपाट, पंखा आणि टाइपरायटर. त्यांची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते, अंगावर पांढऱ्या रंगात नंबर पडतो, आणि एकदा नंबर पडला की त्या वस्तूला मरायचं झालं तरी परवानगी लागते. प्रस्ताव, पाहणी, समिती, निर्लेखनाचा आदेश, लिलावाची नोटीस; एवढं होईपर्यंत तीन साहेब बदलून जातात आणि खुर्ची तीन पायांवर तशीच उभी असते. दुसऱ्या वर्गात टाचण्या, डिंक, सुतळी, कार्बन पेपर आणि टाइपरायटरची रिबन. हा सादिलवारचा मामला. आली, वापरली, संपली. तिच्या अंगावर नंबर नाही, तिच्या जाण्याला आदेश नाही, आणि ती यायची बंद झाली तरी कुणाला खुलासा मागता येत नाही. त्यामुळं आज बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत हिंडून टाइपरायटर शोधायचा म्हटला तर तो कुठल्या तरी कपाटावर, जिन्याखाली, नाहीतर बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या शटरमागं सापडेलही. पण त्यावर कागद चढवून एक ओळ उमटवायची म्हटली की पंचाईत. कळा चालतात, घंटी वाजते, गाडी सरकते, आणि कागद कोराच राहतो. माझं म्हणणं असं की टाइपरायटर लोखंडाच्या जोरावर कधी चाललाच नाही, तो अर्ध्या इंची कापडी फितीच्या जोरावर चालत होता. आणि ती फीत संपलेली नाही. तिची बदली झाली आहे, फक्त आदेशाची प्रत मूळ ठिकाणी पोचलेली नाही.

यावर पहिली हरकत ठरलेली: रिबनचं काय घेऊन बसलात, टाइपरायटर कॉम्प्युटरनं मारला. ऐकायला हे बरोबर वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. गोदरेजनं भारतीय बनावटीचा टाइपरायटर १९५५ साली काढला, आणि पंडित नेहरूंना त्यात स्वतंत्र, औद्योगिक भारताचं प्रतीक दिसलं. नव्वदीच्या सुरुवातीला, म्हणजे कॉम्प्युटर मोठ्या कचेऱ्यांच्या काचेच्या खोल्यांत येऊन बसला होता तेव्हा, गोदरेजचा टाइपरायटर जोरात खपत होता. एमएस-सीआयटी २००१ साली आली आणि गावोगाव कॉम्प्युटरचे वर्ग निघाले, तरी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या गोदरेज कारखान्यातलं टाइपरायटरचं उत्पादन २००९ पर्यंत चाललं. २०११ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद' अशी हेडलाइन दिली. ती तितकीशी खरी नव्हती, कारण दुसरीकडं यंत्रं बनतच होती. पण मृत्युलेख लिहायची घाई वर्तमानपत्रांना पूर्वीपासून आहे. त्या वेळी गोदामात जी काही शे यंत्रं उरली होती त्यांत बहुतेक अरबी अक्षरांची होती. निजामाच्या राजवटीत बीडचा कारभार उर्दूत चाले. हा माल साठ-सत्तर वर्षं आधी शिल्लक राहता तर इथल्या एखाद्या पेशकारानं चार अक्षरं वाढवून मागत का होईना, उचलला असता. कारखाना बंद झाल्यावरही महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद टंकलेखनाच्या परीक्षा याच यंत्रांवर घेत राहिली, त्या २०१७ च्या ऑगस्टपर्यंत. म्हणजे कॉम्प्युटर गावोगाव आल्यावर टाइपरायटर सोळा-सतरा वर्षं त्याच गल्लीत, पुष्कळदा त्याच छताखाली, त्याच्या शेजारी नांदला. ज्यानं मारलं म्हणता, त्याच्याबरोबर एवढी वर्षं कुणी राहतं का? (राहतात, पण तो कौटुंबिक न्यायालयाचा विषय आहे.)

मारलं ते परीक्षा बंद झाल्यानं, आणि तेही यंत्राला मारलं नाही, रिबनच्या गिऱ्हाइकाला मारलं. हा हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. कचेरीतला टाइपरायटर दिवसाला किती चालतो? साहेब जागेवर असतील तर दोन पत्रं, नसतील तर शून्य. कोर्टाच्या आवारातला अर्जनवीस त्याहून जास्त ठोकतो, पण तोही गिऱ्हाईक येईल तेव्हाच. रिबनचा खरा खप टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये होता. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तासातासाच्या बॅच, एका खोलीत पंधरा-वीस यंत्रं, आणि प्रत्येकावर कोणीतरी त्याच त्या अक्षरांचे रकाने भरतो आहे. बीडसारख्या जिल्ह्यात हा आवाज थोडा जास्तच होता, कारण इथं कारखानदारी म्हणजे प्रामुख्यानं साखर आणि सरकी. पाऊस रुसला की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, आणि त्या कोयत्यातून पोराला सोडवायचा बापाला दिसणारा एक रस्ता लिपिकाच्या जागेतून जात होता. जाहिरातीत लिहिलेलं असे, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. हे दोन आकडे ज्या पोरानं गाठले त्याला निम्मी नोकरी लागल्यासारखी होती. उरलेली निम्मी ज्यांच्या हातात असते त्यांचा वेग मोजायची परीक्षा अजून निघालेली नाही. तेव्हा २०१७ नंतर या खोल्या शांत झाल्या आणि स्टेशनरीवाल्यानं फळीवरचा रिबनचा खोका काढून तिथं मोबाइलची कव्हरं लावली, तर त्याला दोष देता येत नाही. पण अर्जनविसाचं यंत्र, एखाद्या वकिलाच्या वडिलांचं रेमिंग्टन, शाळेतला हाल्डा, यांना त्या खपाच्या कडेकडेनं जी रिबन मिळत होती ती त्या दिवसापासून आटली. मोठ्या कालव्याचं पाणी तोडलं की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची विहीर का आटते, हे माजलगाव धरणाखालच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

इन्स्टिट्यूटमध्ये रिबन किती जात असेल याचा अंदाज यायला मराठी कळफलक डोळ्यांपुढं आणावा लागतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कारभार मराठीत आणायचा झाला आणि मराठी यंत्रं कचेऱ्यांत आली. पण चाळीस-पंचेचाळीस कळांत बाराखडी, जोडाक्षरं, मात्रा, रफार सगळं कोंबायचं म्हणजे अक्षरांची मोडतोड आलीच. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर 'ख', 'घ', 'ण', 'श', 'ष' ही अक्षरं अखंड मिळत नाहीत. आधी अर्धं अक्षर मारायचं, मग त्याला काना जोडायचा, तेव्हा ते पूर्ण होतं. 'ओ'ची मात्रा म्हणजे काना एक ठोका, मात्रा दुसरा. या हिशेबानं 'काम' हा शब्द तीन ठोक्यांत होतो आणि 'घोषणा' या शब्दाला नऊ ठोके लागतात. घोषणेला कामाच्या तिप्पट रिबन लागते, ही गोष्ट वित्त विभागाच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे. 'परळी' चार ठोक्यांत आटपते, 'अंबाजोगाई'ला अकरा लागतात, आणि 'बीड' तीनच ठोक्यांचं. जिल्हा काटकसरी आहे हे यंत्रालाही माहीत. इंग्रजी टाइपरायटरवर एका अक्षराला एक ठोका आणि मोठ्या लिपीतल्या अक्षराला फार तर शिफ्ट दाबायची. तेव्हा एका मापाच्या रिबनीतून इंग्रजीत जेवढा मजकूर निघतो तेवढा मराठीत निघत नाही. मराठी टायपिस्टनं दोन रिबनी जादा मागितल्या की मुख्य लिपिक कपाळाला आठ्या घालत, त्यांना हे गणित कुणीतरी तेव्हाच दाखवायला हवं होतं.

आता ही फीत जरा जवळून पाहू. रुंदी अर्धा इंच, म्हणजे तेरा मिलिमीटरच्या आतबाहेर. लांबी दहाएक मीटर. कापड पूर्वी सुती, कधी रेशमी, पुढं नायलॉन. दोन स्पूल, एक डावीकडं एक उजवीकडं. कळ दाबली की मधला छोटा फितीचा झोपाळा वर उचलला जातो, टाइपाचा दांडा येऊन फितीवर आदळतो, फीत कागदावर दाबली जाते, आणि पुढच्या ठोक्याला तीच जागा सापडू नये म्हणून फीत किंचित सरकते. सगळी फीत उजव्या स्पूलवर गेली की टोकाजवळ बसवलेली बारीक पितळी रिंग खटक्याला अडते, खटका पडतो आणि फीत उलटी फिरायला लागते. काही यंत्रांत रिंगेऐवजी फितीचा ताणच खटका पाडतो. म्हणजे तीच फीत डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, महिनोन्महिने. तक्रार नाही, अर्ज नाही. सुट्टी एकदाच: सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल कापायची असली की बाजूची कळ पांढऱ्या खुणेवर आणतात, मग फीत खालीच राहते आणि उघडा टाइप मेणकागदावर आदळतो. शाळेच्या चाचणी परीक्षेचे पेपर असे निघत, म्हणजे पोरांना परीक्षा होती तेव्हा रिबन रजेवर. दोन रंगी रिबनीची कथा आणखी निराळी. वर काळा, खाली लाल. काळा भाग झिजून राखाडी होई आणि लाल भाग कोऱ्या साडीच्या काठासारखा चमकत राही, कारण लाल रंगात टाइप करण्याजोगं फारसं काही कुणी लिहीतच नसे. पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी लाल रंगात टाइप करायचा नियम असता, तर बीडमध्ये लाल भाग आधी संपला असता.

रिबन वाळते, ही तिच्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात न वाळणारी वस्तू दाखवा असं उलट विचारता येईल. पण वाळणं आणि संपणं यांत फरक आहे, आणि लोक गोंधळ इथंच करतात. रिबनची शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि न सुकणारं तेल. तेलाचा हलका अंश उडतो, उरलेलं घट्ट होतं, काजळी मात्र धाग्यांत तशीच बसलेली असते. शिवाय टाइप फितीच्या एकाच पट्ट्यावर आदळतो. एकरंगी रिबन असली तर दुसऱ्या काठाची शाई न वापरता पडून असते. म्हणून पहिला उपाय फुकटचा: दोन्ही स्पूल काढा, फितीला एक पीळ देऊन खालचा काठ वर आणा, पुन्हा बसवा. दुसरा उपाय दोन-चार रुपयांचा: फीत स्पूलवर गुंडाळलेली असतानाच तिच्या कडेवर शिलाई मशीनच्या तेलाचे मोजके थेंब सोडा आणि घट्ट झाकणाच्या डबीत रात्रभर ठेवा. तेल धाग्याधाग्यातून पसरतं आणि काठाची काजळी मधल्या उपाशी पट्ट्याकडं नेतं. परदेशातले हौशी लोक यासाठी गंज सोडवायचा फवारा मारतात, काम तेच होतं. शाई खरोखरच संपली असेल तर मात्र नुसत्या तेलानं काही होत नाही. मग नवी काजळी घालावी लागते, आणि इथून पुढं घरगुती शास्त्रज्ञांचा धोका सुरू होतो.

घरगुती शास्त्रज्ञाचा पहिला हात स्टॅम्प पॅडच्या शाईकडं जातो. ती जांभळी शाई बहुतेक पाणी आणि ग्लिसरीन यांची. ती फितीवर फुगते, कागदावर पसरते, आणि पोलादी टाइपाला गंज लावायला मदत करते. कागदावर उमटलेला अर्ज लांबून तलाठ्याच्या शिक्क्यासारखा दिसतो, एवढाच फायदा. त्याचा दुसरा हात स्वयंपाकघरातल्या तेलाकडं जातो. इथं रसायनशास्त्राला विचारलेलं बरं. तेलांचे प्रकार असतात: काही हवेत सुकून पापुद्रा धरतात, काही अर्धवट सुकून चिकट होतात, काही सुकतच नाहीत. जवसाचं तेल पहिल्या प्रकारचं. म्हणूनच ते रंगात आणि व्हार्निशमध्ये घालतात, आणि म्हणूनच रिबनला लावलं तर आठवड्यात रिबनचा पत्रा होतो. करडई आणि शेंगदाणा यांचा भरवसा नाही, काही दिवसांनी चिकटपणा येतो आणि मग टाइपाच्या खाचांत धूळ, काजळी आणि तेल यांचं पंचामृत जमतं. एरंडेल मात्र सुकत नाही. लहानपणी ज्यांनी चमचाभर घेतलं आहे त्यांना त्याच्या चिकाटीची कल्पना असेल. तेव्हा शाई भरायचीच असेल तर तेलावर आधारलेली काळी शाई घ्यावी, थोड्या एरंडेलानं सैल करावी, आणि फीत दोन बोटांच्या चिमटीतून नव्हे, फोमच्या तुकड्यातून ओढत न्यावी. बोटांनी ओढली तर रिबन होईल न होईल, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत मतदान केंद्रावर शंका घेतली जाईल.

'हा कंजूषपणा आहे, शाई भरलेल्या रिबनीचं टायपिंग घाण येतं' ही दुसरी हरकत. ती निम्मी खरी आहे म्हणून तिला पूर्ण उत्तर दिलं पाहिजे. जास्त शाई झाली की अक्षरांची पोटं भरतात, आणि मराठी ही पोट असलेल्या अक्षरांची लिपी आहे. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की 'ब' आणि 'व' एकच. कोर्टाच्या कागदात 'वाद' आणि 'बाद' यांत फरक राहत नाही. काही पक्षकारांच्या मते तो प्रत्यक्षातही राहत नाही, पण टायपिस्टनं निकाल आधी देऊ नये. 'प' आणि 'ष' यांचंही तेच. यावर इलाज मात्र रिबन फेकणं हा नाही. टाइप साफ करणं हा आहे, आणि तो कुठल्याही टायपिंग मेकॅनिकच्या पेटीत होता: जुना टूथब्रश, थोडं रॉकेल, आणि पोटात अडकलेली घाण काढायला टाचणी. नवी कोरी रिबन लावली आणि टाइप धुतले नाहीत, तरी अक्षरं काळीच येतात. तेव्हा घाण टायपिंगचा आळ जुन्या रिबनवर घेणं म्हणजे रस्त्याच्या खड्ड्याचा आळ पावसावर घेण्यासारखं झालं. तसं करायची आपल्याकडं पद्धत आहे, हे मान्य.

आता बदलीच्या आदेशाकडं येऊ. रिबन नाहीशी झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बँकेत पासबुक भरायला जावं. खिडकीतून जो 'चर्रर्र-चर्रर्र' आवाज येतो तो डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाडीची पावती, आडतीवर सोयाबीनची पट्टी, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी, औषधाच्या होलसेलचं बिल, जिथं जिथं एका फटक्यात तीन प्रती हव्यात तिथं तिथं हाच प्रिंटर बसलेला आहे. कारण साधं आहे. लेझर प्रिंटर कागदाला ठोसाही मारत नाही असा सभ्य. इंकजेट नुसते तुषार उडवतो. खालच्या पिवळ्या आणि गुलाबी कागदावर अक्षर उमटवायचं तर वरून ठोकावंच लागतं. डॉट मॅट्रिक्समध्ये टाइपाच्या दांड्याऐवजी नऊ किंवा चोवीस सुया आहेत, पण सुई आणि कागद यांच्यामध्ये जी आहे ती आपलीच: काजळी आणि तेलानं माखलेली नायलॉनची फीत. अठराशे चौऱ्याहत्तर साली शोल्स आणि ग्लिडन यांचं यंत्र रेमिंग्टननं बाजारात आणलं तेव्हा त्यात कापडी रिबन होती. पुढं काहींनी तिला टाळून पाहिलं. योस्टच्या यंत्रात टाइप शाईच्या गादीवर टेकून येई, ब्लिकेन्सडर्फरमध्ये शाईचा छोटा रूळ होता. ती यंत्रं आता संग्रहालयांत बघायची. रिबन मात्र यंत्रामागून यंत्र बदलत नोकरीत कायम राहिली. सेवानिवृत्तीचं वय तिला लागू नाही.

म्हणून रिबन शोधणाऱ्यानं 'टाइपरायटरची रिबन आहे का' असं विचारत फिरू नये. त्या प्रश्नावर दुकानदार आधी चेहऱ्याकडं बघतो, मग आजोबांची चौकशी करतो. 'डॉट मॅट्रिक्सचं रिफिल द्या' असं म्हणावं. बीडमध्ये सुभाष रोडला नाहीतर परळी-अंबाजोगाईच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानांतून ते मागायला लाज वाटण्याचं कारण नाही. पिशवीतून फीत बाहेर काढून पट्टीनं मोजावी. पुष्कळ प्रिंटरांची अर्ध्या इंचाचीच असते, काहींची अरुंद निघते, ती आपल्या कामाची नाही. मग तीन अडचणी येतात. प्रिंटरची फीत गोल असते, तिला तोंड-शेपूट नसतं. ती कापावी लागते. तिचं कापड सुयांच्या मानानं पातळ असतं, पोलादी टाइपाखाली ते सुतीइतकं टिकत नाही, आणि पूर्णविराम जोरात मारला तर भोक पडतं. ज्यांना वाक्य संपवायची घाई नसते अशा मराठी लेखकांना ही अडचण जाणवणार नाही. आणि तिला ती पितळी रिंग नसते, त्यामुळं टोक आलं तरी खटका पडत नाही, फीत ताणून बसते. रिंग चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याकडं मिळते. बुटाच्या नाडीच्या भोकाला ते जी लावतात त्यातली सर्वांत बारीक घ्यायची आणि दोन्ही टोकांपासून बोटभर अंतरावर ठोकून घ्यायची. म्हणजे कॉम्प्युटरवाल्याकडून फीत, चांभाराकडून रिंग, शिंप्याकडून तेल. एक रिबन उभी करायला अर्धी बाजारपेठ लागते, पण सगळी पायी अंतरावर असते.

'एवढा खटाटोप कशाला, ऑनलाइन तयार मिळते' ही तिसरी हरकत. मिळते. टपालानं येते, आणि बीडला आता रेल्वेही आली आहे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ ला बीड स्टेशनातून गाडी सुटली. या मार्गासाठीची सुरुवातीची निवेदनं ज्या यंत्रांवर ठोकली गेली असतील त्यांच्या रिबनी तीन वेळा वाळून झाल्या. तेव्हा जिल्ह्याला वाट पाहायची सवय आहे, हा मुद्दा नाही. मुद्दा स्पूलचा आहे. ऑनलाइन येणारी रिबन प्लास्टिकच्या 'युनिव्हर्सल' स्पूलवर येते, आणि जगात युनिव्हर्सल म्हणून जे काही विकलं जातं ते आपल्या घरच्या यंत्रावर बसत नाही. रेमिंग्टनची आस वेगळी, मद्रासच्या रायला कॉर्पोरेशनच्या हाल्डाची वेगळी, गोदरेजची वेगळी. पण गंमत अशी की फीत सगळ्यांची जवळजवळ एकच. म्हणजे जुना पत्र्याचा स्पूल जवळ असेल तर कुठलीही अर्ध्या इंची फीत त्यावर हातानं गुंडाळता येते. आणि स्पूलच नसेल तर सोन्याची रिबन आणली तरी ती खिशात ठेवायची. अमेरिकेत लोक रिबनीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्या जमवतात, त्यांच्यावरची चित्रं पाहून भाव करतात. आपल्याकडं त्या डबीत टाचण्या गेल्या आणि स्पूल पोरांच्या गाड्यांची चाकं झाले. चाकं उत्तम झाली, पण गाडीही आता नाही आणि स्पूलही नाही.

शेवटची हरकत जरा वजनदार आहे: चालू करून करायचं काय? शोभेला ठेवा, वरून दिवा सोडा, लोक फोटो काढतील. यावर लोक लगेच गुप्ततेचा दाखला देतात. २०१३ साली रशियाच्या सुरक्षा यंत्रणेनं संगणकफोडीच्या धास्तीनं टाइपरायटर मागवले, त्याच वर्षी लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयानंही अतिगोपनीय मजकुरासाठी टाइपरायटर काढल्याच्या बातम्या आल्या. दाखला खरा असला तरी आपल्या कामाचा नाही. बीडच्या कुठल्याही कचेरीतलं गुपित टाइप होण्याआधीच चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं. पण यात रिबनचं एक सूक्ष्म शहाणपण आहे. विजेच्या पुष्कळ यंत्रांत एकदाच वापरायची प्लास्टिकची रिबन असते, तिच्यावर मारलेलं प्रत्येक अक्षर ओळीनं वाचता येतं. कापडी रिबनीवर मात्र अक्षरावर अक्षर, पत्रावर पत्र पडत जातं आणि कुणालाच काही वाचता येत नाही.

शोभेच्या विरुद्ध माझं खरं कारण कागदाचं आहे. सध्या आपल्या हातात जे पुरावे पडतात ते थर्मल कागदावर पडतात: एटीएमची पावती, पेट्रोलची पावती, दवाखान्यातल्या ईसीजीची पट्टी. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं कागदच काळा होतो. आणि जो कागद उष्णतेनं काळा होतो तो चाळीस-बेचाळीस अंशांच्या जिल्ह्यात, स्कूटरच्या डिकीत, किती दिवस शहाणा राहील? सहा महिन्यांत पावती कोरी आणि वॉरंटी चालू. याउलट काजळी. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद उघडले गेले, तेव्हा ते वाचणारी माणसं शोधावी लागली, अक्षरं शोधावी लागली नाहीत. मोडीची ती शाई काजळी आणि डिंकाची होती. टाइपरायटरच्या काळ्या रिबनीची शाई काजळी आणि तेलाची. जांभळ्या कॉपिंग रिबनीचा रंग उडतो हे कबूल, पण काळी काजळी ऊन खाऊनही काळीच राहते, आणि वर टाइपाचा दाब कागदात रुतलेला असतो तो वेगळाच. चालू यंत्र हवं ते यासाठी. शोभेचं यंत्र हवेत गंजतं, त्याचे दांडे एकमेकांत अडकून बसतात. रोज पाच ओळी ठोकल्या तर यातलं काही होत नाही. आणि पाच ओळी ठोकायला रिबन लागते.

तेव्हा ज्यांच्या घरात, दुकानात, शाळेत किंवा बंद इन्स्टिट्यूटमध्ये जुनं यंत्र पडून आहे त्यांना विनंती: भंगारवाल्याला बोलावण्याआधी वरचं झाकण उचला आणि दोन्ही स्पूल काढून ठेवा. यंत्र किलोवर जाईल, त्याला इलाज नाही. स्पूलचं वजन भंगारवाला धरत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं तरी यंत्र त्यावाचून अडलेलं असेल. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये स्पूलची नोंद नसते, त्यामुळं परवानगीही लागणार नाही.